जवसाचा ठसा

आमच्या देवघराशेजारच्या फडताळात पंचवीस उजव्या सोंडेचे गणपती आहेत. हे वाचून कोणा भाविकाने हात जोडण्यापूर्वी सांगून टाकतो, की ते मुद्दाम केलेले नाहीत. मी डाव्या सोंडेचा एकच गणपती केला होता. छापल्यावर तो पंचवीस वेळा उजव्या सोंडेचा निघाला.

गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. मी त्या वेळी शाळेत चित्रकला शिकवीत असे आणि लिनोलियमवर चित्र कोरून त्याचे ठसे काढण्याचे खूळ नुकतेच डोक्यात शिरले होते. दिवाळीला स्नेह्यासोबत्यांना बाजारची शुभेच्छापत्रे पाठवण्याऐवजी घरची पाठवावीत, असा बेत केला. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर असतो तसा एक गणपती पेन्सिलीने सरळ लिनोवर काढला. आठ संध्याकाळी खपून तो कोरला. शाई लावली, कागद ठेवला, घासला आणि उचलला. ठसा इतका छान उठला होता, की त्या आनंदात मी एकामागून एक पंचवीस कागद छापले आणि माजघरात दोरी बांधून वाळत घातले.

सकाळी आत्या फुले घेऊन आत आली आणि दोरीखाली थबकली.

"अरे, हा तर उजव्या सोंडेचा!"

आरशात डावे-उजवे बदलते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आठ संध्याकाळी ते आठवले नाही, एवढेच. मी म्हटले, "आत्या, चुकून झालं. ठसा उलटा उठतो ना."

"चुकून का होईना, आलाय ना घरी? आता काय पोस्टात टाकणार त्याला? वर शिक्का मारून घेणार? आणि ज्याच्या घरी जाईल त्याला त्याचं सोवळं झेपायला नको?"

या युक्तिवादावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पंचवीसच्या पंचवीस गणपती रेशमी रुमालात बांधून फडताळात गेले. आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. पण रुमालाची गाठ सोडण्याचा धीर मला अजून झालेला नाही. त्या वर्षी स्नेह्यासोबत्यांना बाजारचीच शुभेच्छापत्रे गेली.

तालुक्याच्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तो पोट धरून हसला. तेव्हा ट्रेडल मशीन होते, शिशाचे खिळे होते आणि एकेक खिळा वेचून ओळ जुळवणारे जुळारी होते. हा मनुष्य उलटी अक्षरे अशी वाची, जशी आपण सरळ वाचतो; उलट सरळ वर्तमानपत्र हातात दिले, की त्याच्या कपाळाला आठी पडे. तो म्हणाला, "गुरुजी, कोरण्याआधी आरशापुढं धरायचं. आरशात बरोबर दिसलं, की कागदावर बरोबर येणार. आमचं सगळं शास्त्र ते एवढंच." आता तो छापखाना ऑफसेटवर चालतो आणि खिळे केव्हाच भंगारात गेले; पण त्याने त्या दिवशी दिलेला रबरी रूळ आणि काळ्या शाईचा डबा यांवर मी कितीतरी वर्षे काढली.

लिनोलियम म्हणजे काय, असे मला पुष्कळजण विचारतात. प्लॅस्टिकचा प्रकार असावा, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे नाही. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. रंगाच्या उघड्या डब्यावर जवसाच्या तेलाची चिवट साय धरलेली त्याने पाहिली आणि त्या सायीचे काही करता येईल का, असे त्याच्या मनात आले, अशी कथा सांगतात. तेलाला हवा देऊन देऊन घट्ट करायचे, त्यात राळ मिसळायची, बाटलीला लावतात त्या बुचाचा भुगा आणि लाकडाचा भुसा घालायचा आणि तो सगळा लगदा गोणपाटावर थापून महिनोन्महिने वाळवायचा, की झाले लिनोलियम. नावसुद्धा तसेच आहे: लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस आणि 'ओलियम' म्हणजे तेल. साहेबाने ते घरात जमिनीवर अंथरण्यासाठी काढले. इस्पितळे, कचेऱ्या, आगबोटी, सगळीकडे ते पसरले. मग पुढे कोणा चित्रकाराला त्यात लाकडाचा भाऊ दिसला: लाकडासारखे कोरता येते, पण लाकडासारखे रेषे नाहीत, गाठी नाहीत, सुरी वाटेल तिकडे वळते.

हे मी जेव्हा प्रथम वाचले, तेव्हा मला फार गंमत वाटली. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला जवसाची ओळख करून द्यायला साहेब कशाला हवा? ज्वारीच्या आणि करडईच्या सोबतीने पेरलेले जवस, त्याची ती निळी, दुपारनंतर गळून पडणारी फुले, आणि भाकरीवर तेल ओतून घेतलेली जवसाची चटणी यांवरच आमच्या पिढ्या वाढल्या. आता सोयाबीन आणि कापूस यांनी शिवार व्यापले आहे आणि जवस बांधाला जाऊन बसले आहे. पण पूर्वीच्या छापखान्याची शाईसुद्धा जवसाच्याच तेलात घोटलेली असे. म्हणजे कोरायचे ते जवसावर आणि लावायचे तेही जवसच. शेजारच्या बाईला मी हे सांगितले, तेव्हा तिने लिनोचा तुकडा नाकाशी नेला, हुंगला आणि म्हणाली, "वास तर त्योच येतुय. मग तिखट-मीठ लावून बघितलं का न्हाई कधी?"

या बाईविषयी पुढे लिहायचे आहे. त्याआधी हत्यारांविषयी दोन शब्द लिहितो.

मुंबई-पुण्याला कोरण्यांचा संच विकत मिळतो. मला पहिली दोन वर्षे तो मिळाला नाही आणि मिळाला नाही तेच बरे झाले. लंडनमध्ये क्लॉड फ्लाइट नावाचे एक कलाशिक्षक १९२० नंतरच्या काळात लिनोचे वर्ग घेत. गोरगरिबांनाही परवडावी अशी कला म्हणून ते लिनोचा पुरस्कार करीत आणि छत्रीच्या काडीची कोरणी करून वापरा, असे सांगत. छत्रीची काडी नीट पाहा. ती भरीव नसते, पन्हाळीसारखी असते. तिचे टोक घासून धार लावली आणि मागे लाकडी मूठ बसवली, की उत्तम कोरणी तयार होते. मी आठवड्याच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो आणि मोडक्या काड्या मागितल्या. त्याने मूठभर दिल्या आणि पैसे घेतले नाहीत, मात्र "पाऊस तर न्हाई आपल्याकडं, काड्या कशाला?" असे विचारून मला निरुत्तर केले.

हिवाळ्यात लिनो कडक होते आणि कोरताना तुकडे उडतात. त्यासाठी ते अंगणात उन्हाला टाकावे. पंधरा मिनिटांत लोण्यासारखे मऊ होते. या बाबतीत बीड जिल्ह्यासारखी जागा नाही. ऊन हे एक पीक आमच्याकडे कधी बुडालेले नाही. कोरताना डावा हात नेहमी हत्याराच्या मागे असावा, हा नियम मी वर्गात शेकडो वेळा सांगितला आणि माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यावरची खूण मुलांना दाखवून तो पटवलाही. छापायला यंत्र लागत नाही. रुळाने शाई पातळ पसरावी, वर पुण्याहून आणलेला हातकागद ठेवावा आणि मागून लाकडी पळीच्या पाठीने सावकाश घासावे. आमच्या सौभाग्यवतींच्या स्वयंपाकघरातून आजवर चार पळ्या या कामी आल्या. प्रत्येक वेळी ती परत मिळेल असे मी वचन दिले होते.

या कलेचे खरे मर्म मात्र हत्यारात नाही. पेन्सिलीची रेघ खोडता येते, रंगावर रंग चढवता येतो. लिनोवर जे कोरून काढले ते गेले. कोरलेली जागा कागदावर पांढरी येते, राखलेली काळी. काळ्याचे पांढरे केव्हाही करता येते. पांढऱ्याचे काळे करता येत नाही. पिकासोने उतारवयात, १९५९ च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समध्ये बसून याच्याही पुढची मजल मारली: एकाच तुकड्यावर थोडे कोरायचे, एक रंग छापायचा, आणखी कोरायचे, दुसरा रंग छापायचा, असे शेवटच्या रंगापर्यंत जायचे. चित्र पुरे होते तेव्हा ठसा संपलेला असतो. मागे वळण्याची सोयच नाही. मी एकदा हा प्रयोग केला. तिसऱ्या रंगाला माझ्याकडून कोंबड्याचा पाय कोरला गेला आणि मी पुन्हा काळ्या शाईकडे परत आलो.

आपल्याकडे लिनोचे नाव काढले, की नंदलाल बसूंचे 'बापूजी' डोळ्यांपुढे येते. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळचे ते चित्र. काळ्याभोर पार्श्वभूमीतून हातात काठी घेतलेले गांधीजी पाऊल टाकीत आहेत. मोजक्या रेघा, पण चाल अशी, की आपण वाट सोडून बाजूला व्हावे. त्याच सुमारास रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुलांच्या पुस्तकासाठीही नंदलालांनी लिनोची चित्रे केली. बंगालमध्ये शिशुवर्गातल्या पोरांच्या हाती अशी चित्रे पडली आणि आमच्या हाती मात्र पाठ्यपुस्तकांतली ती दमलेली कमळे आणि बदके आली, याची मला अजून असूया वाटते.

पण मन मोकळे करून सांगायचे तर मला चित्तप्रसाद अधिक जवळचे वाटतात. हे गृहस्थही बंगालचेच. १९४३ च्या दुष्काळात मिदनापूर भागात पायी हिंडून त्यांनी उपाशी माणसांची रेखाचित्रे काढली. ती पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत आले आणि अंधेरीला कितीतरी वर्षे राहिले. तेथे त्यांनी लिनोवर काय कोरले? बूटपॉलिश करणारी पोरे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन काम करणाऱ्या पोरी, फुटपाथवर झोपलेली मुले. परीकथा वाट्याला न आलेल्या मुलांची ती मालिका आहे. त्यांच्या काळ्या रंगात मला आमच्याकडचे काळे रान दिसते. चित्तप्रसाद १९७८ साली वारले. आयुष्यभर पैसा त्यांना लाभला नाही. लिनो स्वस्त होते, हे त्यांच्या आणि आपल्या दोघांच्या नशिबाने बरे झाले.

आता शेजारच्या बाईकडे वळतो.

धारूरच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात आमचे गाव आहे. दिवाळीच्या सुमारास येथे सीताफळे पिकतात आणि माणसे जातात. माझे हे वाक्य परजिल्ह्यातल्या वाचकाला कोड्यासारखे वाटेल. दसरा-दिवाळी झाली, की आमच्याकडची निम्मीअधिक घरे कुलूपबंद होतात; नवरा-बायको ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. कारखान्याच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. अर्धा कोयताही असतो. तो म्हणजे एकटा माणूस.

आमच्या शेजारीही असा एक कोयता राहतो. त्यांची मुलगी गेल्या वर्षी पाचवीत होती. आजवर दरसाल ती आईबापांबरोबर फडावर जाई, कोपीत राही, लहान भावाला सांभाळी. परत आली, की वर्गात मागच्या बाकावर बसे. गेल्या वर्षी प्रथमच तिला आजीजवळ ठेवायचे ठरले. हे ठरवण्यात तिच्या आईचा वाटा मोठा. बापाचे म्हणणे होते, की पोर गेली तर भावाला कोण बघणार? आईने सांगितले, "त्याला पाठीला बांधून तोडीन, पर ही शाळत बसंल." तिथे विषय संपला.

मुलगी माझ्याकडे येऊन बसत असे. रुळाला शाई लावण्याचे काम तिने आपण होऊन उचलले होते. दसऱ्यानंतर एके दिवशी तिने विचारले, "गुरुजी, आई-दादांचं चित्र काढाल का? मी भिंतीला लावंन."

मी म्हटले, "अगं, दादांच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत की."

"मोबाइल त्यांच्यासंग जाणार न्हाई का?"

मी दुसऱ्याच दिवशी कामाला बसलो. हातात एकच चांगला तुकडा होता, वहीच्या दोन पानांएवढा. गणपतीची आठवण ठेवून चित्र आधी पातळ कागदावर काढले, तो कागद लिनोवर पालथा घालून घासला, म्हणजे रेघा आपोआप उलट्या उमटल्या. मध्यभागी कोयता उगारलेला गडी, मागे उसाचा काळा गर्द फड आणि उजव्या कोपऱ्यात, लांबवर, डोक्यावर मोळी घेऊन चाललेली बाई. रचना मला फार साधली असे वाटत होते. गड्याभोवतीची सगळी जागा कोरून पांढरीशुभ्र केली, म्हणजे तो उठून दिसावा. वसुबारसेच्या दिवशी पहिला ठसा काढला आणि शेजारच्या मंडळींना हाक मारली.

बाप पाहून खूश झाला. "आयला, मिशा बी माझ्याच हायेत!" मुलगी काही बोलली नाही. आईने पदराला हात पुसले, कागद उजेडाला धरला आणि बराच वेळ पाहिला.

"ह्यात मी कुठं हाय, गुरुजी?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवले.

"ही तर मोळी हाय. मोळीखाली कुणी बी असंल." मग जरा थांबून म्हणाली, "त्यो काय एकटाच तोडतो व्हय? कोयता दोघांचा असतुय. पोरगी भिंतीकडं बघंल, तवा तिला बापच दिसंल."

ती रागाने बोलली नाही, ओशाळून तर मुळीच नाही. माप चुकलेल्या शिंप्याला सांगावे तसे तिने सांगितले. नवऱ्याने "गप की, गुरुजींनी एवढं केलंय," म्हणून पाहिले. पण ती गप्प बसली, तरी तिचे बोलणे माझ्या कानांतून हलेना. पस्तीस वर्षे मी मुलांना 'आधी नीट बघा, मग काढा' असे शिकवले. आणि ज्या बाईला मी रोज दारात पाहतो, तिला मात्र चित्राला खोली यावी म्हणून कोपऱ्यात उभी करून टाकली होती.

पण आता करायचे काय? गड्याच्या शेजारची जागा कोरून झाली होती. तेथे बाई उभी करायची तर लिनो कोठून आणायचे? प्रथम मी भोके बुजवायच्या लांबीने ती जागा भरून पाहिली. वाळल्यावर बरी दिसली. पळी घासताच ढलपा निघून कागदाला चिकटला. नवा तुकडा मुंबईहून मागवायला आठ दिवस, तेही सणासुदीचे. ट्रॅक्टर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होता. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून मी फराळाच्या ताटावर बसलो, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "चकली शाईची लागेल. आधी त्या ठशाचं काय ते करा."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्यावर मी पुन्हा तो ठसा घेऊन बसलो आणि एकाएकी नंदलालांचे 'बापूजी' आठवले. त्या चित्रात माणूस काळ्यातूनच काढलेला आहे! माझ्या ठशावर गड्याच्या मागे उसाचा फड होता, वीतभर रुंद, सगळा काळा, सगळा शाबूत. पांढऱ्या जागेत बाई आणता येत नव्हती. पण काळ्यातून तिला बाहेर काढता येत होती. आणि ते खोटेही झाले नसते. तोड काही उन्हाचे कौतुक करीत दहा वाजता सुरू होत नाही. पहाटेच्या अंधारात, थंडीत, दव पडलेल्या पाचटात ही माणसे उतरतात. अंधारातून कोयता घेऊन येणारी बाई हीच खरी गोष्ट होती.

पाडव्याच्या संध्याकाळी मी तिला बोलावले. तिला सवड कुठली? निघायची बांधाबांध, ज्वारीचे पीठ, सरपण, म्हाताऱ्या सासूच्या सहा महिन्यांच्या औषधांची व्यवस्था. ती रात्री भांडी आटोपून आली आणि अंगणातल्या दिव्याखाली कोयता धरून उभी राहिली. सुरुवातीला फोटोला उभे राहतात तशी ताठ होती. मग मी म्हटले, "अशी नाही. तोडताना असतेस तशी." तिने पदर कमरेला खोचला, डोक्याला फडके घट्ट बांधले, एक पाय पुढे टाकला आणि वाकली. मी पातळ कागद वगैरे काही घेतला नाही, वेळच नव्हता. पांढऱ्या खडूच्या पेन्सिलीने सरळ ठशावर काढत गेलो. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "बास का? एवढ्यात एक मोळी झाली असती," आणि निघून गेली.

ती रात्र आणि भाऊबीजेचा दिवस मी कोरत होतो. छत्रीच्या काडीची जुनी कोरणीच त्याला उपयोगी पडली. बाजारच्या कोरणीला तेवढी बारीक, किंचित थरथरती रेघ येत नाही. कपाळाची एक रेघ, नाकाची एक, फडक्याच्या चार, पाठीच्या बाकाची एक लांब. ती शेवटची रेघ ओढताना मी श्वास धरला होता. संध्याकाळी मुलीने रूळ फिरवला, मी कागद ठेवला, दोघांनी आळीपाळीने पळी घासली आणि एका टोकाकडून कागद उचलला. गडी पांढऱ्यात उभा होता आणि त्याच्या मागून, त्याच्याएवढीच, उसातून ती येत होती.

मंडळी पाहायला आली. बापाने पाहिले, पुन्हा पाहिले आणि मोठ्याने हसला. "गुरुजी, हिला उजवी केली की तुम्ही! आमची आई बारा वरसं बोलून बोलून थकली, पर हिचा डावा हात सुटला न्हाई. तुम्ही एका रात्रीत सोडवला!"

मी कपाळावर हात मारला. बाई डावखुरी होती. डाव्या हातात कोयता घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली, मी डोळ्यांना दिसली तशी ठशावर काढली आणि कागदावर ती उजवी झाली. उजव्या सोंडेचे पंचवीस गणपती फडताळात असताना मी पुन्हा तीच चूक केली होती. मी खजील होऊन तिच्याकडे पाहिले.

ती म्हणाली, "कोयता धरलाय न्हवं? मग झालं."

"आणि ही कोपऱ्यातली मोळीवाली? तिला काढून टाकू? ते जमेल."

"नगं. ऱ्हाऊ द्या. ती जाऊ हाय माझी."

तीन ठसे काढले: एक भिंतीसाठी, एक फडावरच्या कोपीसाठी आणि एक माझ्यासाठी. तेलाची शाई वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे कुठून आणायचे? पहाटे चारला ट्रॅक्टर आला. अंथरुणे, भांडी, पाण्याची पिंपे, एक शेळी आणि झोपलेला मुलगा असे सगळे वर चढले. कोपीसाठीचा ठसा बाईने गुंडाळला नाही. परातीत सपाट ठेवला, वर दुसरी परात पालथी घातली आणि ती मांडीवर घेऊन बसली. मुलगी आजीचा हात धरून उभी होती. ती रडली नाही. ट्रॅक्टर वळणावर जाईपर्यंत तिने हात हलवला आणि मग घरात जाऊन लगेच तिचा ठसा भिंतीला लावला. अजून ओला होता. खालच्या कडेला तिचा अंगठा उमटला. मी म्हटले, दुसरा काढून देतो; तिने नको म्हणून सांगितले.

परातीतला ठसा पाडव्यानंतर परत आला, तेव्हा धुराने पिवळा झाला होता आणि एका बाजूने उंदरांनी कुरतडला होता. बाई म्हणाली, की टोळीतल्या सगळ्या बायका तो बघून गेल्या आणि प्रत्येकीने मोळीवाली आपणच आहोत असे सांगितले.

मधल्या सहा महिन्यांत मुलगी रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे येई. एका तुकड्यावर तिने सीताफळ कोरले. भिंगे जरा मोठी झाली, पण फळ ओळखू येत होते. मी मुद्दाम काही सांगितले नाही, तेव्हा तिने त्याखाली आपले नावही कोरले, अगदी सरळ, वळणदार. छापल्यावर ते उलटे आले. मला वाटले, आता खट्टू होईल. तिने कागद घेतला, आमच्या सौ.च्या फणीकरंड्याच्या पेटीतला आरसा काढला, कागद त्याच्यापुढे धरला आणि मला म्हणाली, "आता वाचा, गुरुजी."